टॅगावर कुणाचं नाव?

चहाच्या किटलीला लाल टॅग लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आमचे सीनियर प्लॅनर चाचा. किटलीची वायर जरा गरम लागत होती, एवढंच. चाचांनी बटण बंद केलं, ड्रॉवरमधून लाल पुठ्ठ्याचा टॅग काढला, त्यावर आपलं नाव, तारीख आणि कारण लिहिलं आणि किटलीच्या कानाला बांधून टाकला. नवी वायर यायला तीन दिवस लागले. तीन दिवस बहरीनमधल्या आमच्या कारखान्याचा सगळा मेंटेनन्स विभाग, त्यात दोन ब्रिटिश साहेब धरून, खालच्या मजल्यावर चहा मागत फिरत होता. टॅग काढायची कुणाची छाती झाली नाही.

कारखान्यात एखादं यंत्र दुरुस्तीसाठी बंद केलं, की बंद करणारा आपल्या नावाचा टॅग त्याला लावतो. अर्थ असा, की आत माणसं काम करताहेत, बटण दाबू नका. आणि नियम असा, की ज्याने टॅग लावला त्यानेच तो काढायचा. हा नियम जगभर आहे म्हणतात. चाचांच्या अंगात तो नमाजासारखा भिनलेला होता.

एकदा एका पंपाला एका केरळी फिटरचा टॅग होता आणि फिटर तापाने फणफणून सनद भागातल्या आपल्या खोलीवर पडला होता. जनरल मॅनेजर स्वतः खाली आले. पंप आत्ताच्या आत्ता सुरू करा म्हणाले. चाचा उठले, त्यांना बसायला आपली खुर्ची दिली आणि शांतपणे म्हणाले, "साब, टॅग पे आपका नाम नहीं है." शेवटी फिटरसाठी गाडी पाठवली. तो बिचारा चादर गुंडाळून आला, टॅग काढला आणि चाचा त्याला स्वतः घरी सोडून आले.

मी ठाण्याहून डिग्री घेऊन त्यांच्या हाताखाली प्लॅनर म्हणून आले, तेव्हा पहिली दोन वर्षं मला या माणसाचा मनस्वी राग यायचा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठचं त्यांचं गाव. तेविसाव्या वर्षी हेल्पर म्हणून बहरीनला आले आणि शिकत शिकत सीनियर प्लॅनर झाले. मला ते 'बाय' म्हणायचे. माझ्या प्रत्येक शेड्यूलमध्ये त्यांना चूक सापडायची. "काय गो बाय, हितं दोन तास लिवलेस. शिडी आणायला कोन जानार? तुझा बाप?" असं बोलायचे आणि वर स्वतःच हसायचे.

नेमका बापावरूनच माझा राग गेला. ठाण्याला बाबांना अॅडमिट केल्याचा फोन आला त्या दिवशी माझ्यावर वार्षिक शटडाऊनचा रिपोर्ट होता आणि साहेब म्हणाले, रिपोर्ट संपव आणि उद्या जा. मी डोळे पुसत टाइप करत बसले होते. चाचा आले, माझा कॉम्प्युटर बंद केला आणि त्याला टॅग लावला. नाव त्यांचं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'बाय घरी जाते.' त्यांच्या टॅगपुढे साहेबांचंही काही चाललं नाही. मी संध्याकाळच्या विमानाने गेले आणि बाबांशी बोलायला मला दोन दिवस मिळाले. ते दोन दिवस मला चाचांनी दिले, हे मी कधी विसरणार नाही.

त्यांचं दुसरं वेड ड्राय रनचं. म्हणजे यंत्रात तेल-पाणी सोडण्याआधी ते नुसतं फिरवून बघायचं. चाचा आयुष्यात कुठलीच गोष्ट ड्राय रन केल्याशिवाय करायचे नाहीत. रजेवर गावी जायच्या आदल्या दिवशी टॅक्सी करून विमानतळापर्यंत जाऊन यायचे, तेही बॅगांसकट. मी विचारलं, बॅगा कशाला? तर म्हणाले, "बॅगा नसल्या तर टॅक्सीत चढायला टाइम कमी लागतो. मग हिशोब चुकतो." आपल्या निरोप समारंभाची ड्राय रन त्यांनी माझ्यावर केली. मला जनरल मॅनेजर केलं. मी दोन शब्द बोलले, भेटवस्तू म्हणून त्यांच्या हातात स्टेपलर ठेवला आणि चाचा ढसाढसा रडले. "खलास," डोळे पुसत म्हणाले, "आता त्या दिवशी रडायला येनार नाय." आणि खरंच, समारंभाच्या दिवशी आम्ही सगळे रडलो आणि हे कोरड्या डोळ्यांनी बिर्याणी वाढत होते.

पण एका गोष्टीची ड्राय रन त्यांना तेहतीस वर्षांत करता आली नव्हती. ती म्हणजे संसार.

लग्न झालं आणि तिसऱ्या महिन्यात ते बहरीनला परतले. चाची गावी राहिल्या. सासू-सासरे, दोन मुलं, आंब्याची कलमं आणि हळूहळू उभं राहणारं घर, सगळं त्यांनी एकटीने सांभाळलं. मुलं आधी पत्रावर, मग फोनवर आणि मग व्हिडिओवर मोठी झाली. एकदा जेवणाच्या सुट्टीत चाचांनी पेन्सिल घेऊन सगळ्या रजा जोडल्या. चार वर्षंही नीट भरत नव्हती. "तेहतीस वर्षांचा लगीन," कागदाकडे बघत म्हणाले, "आनि ही तिच्या चहात साकर किती घेते, ता मना ठावं नाय."

शेवटच्या वर्षी त्यांनी फॅमिली व्हिसा काढून चाचींना बहरीनला, जिदहफ्सच्या दोन खोल्यांत आणलं. पण हे ड्युटीवर, त्या किचनमध्ये. मध्ये टीव्ही. दोघंही एकमेकांशी इतक्या अदबीने वागायचे, की बघणाऱ्याला अवघडल्यासारखं व्हायचं.

त्यातच आमच्या एका निवृत्त ब्रिटिश साहेबांचा फोटो आला. साहेब आणि मेमसाहेब, मागे युरोपातले डोंगर आणि बाजूला झोपायची सोय असलेली पांढरी गाडी, कॅम्परव्हॅन. बाकीच्यांनी डोंगर पाहिला. चाचांनी तो फोटो मोबाइलवर मोठा करून करून पाहिला आणि मला बोलावलं.

"बाय, हितं बघ. काय दिसतं?"

"गाडी."

"गाडीला दार किती?"

"मागचं एकच दिसतंय."

"तेच सांगतो. भांडन झाला तरी दोघां त्याच दारातून. गावी गेलो तर ती आत नि मी पडवीत. मग आमची ओलख व्हायची कधी?"

मला हसू आलं आणि मग आलं नाही. बासष्ट वर्षांचा माणूस आपल्या बायकोशी ओळख करून घ्यायला असल्याच गाडीतून युरोपात निघाला होता. निवृत्तीनंतर नव्या माणसाला तयार करण्यासाठी कंपनी त्यांचा व्हिसा वर्षअखेरपर्यंत ठेवणार होती, त्यात शरद ऋतूचे सहा आठवडे त्यांनी रिकामे काढले.

आणि अर्थात, ड्राय रन झाली. अरादला कोल्ड स्टोअर, म्हणजे इथलं किराणा दुकान चालवणाऱ्या एका गाववाल्याकडून त्यांनी जुनी डिलिव्हरी व्हॅन मागून घेतली. आत गादी, शेगडी, पाण्याचे कॅन. तेही मे महिन्यात, जेव्हा बहरीनमध्ये सावलीलासुद्धा घाम येतो. मी म्हटलं, चाचा, तिकडं थंडी असणार, इथं गरमीत कसली तयारी? तर म्हणाले, "थंडी तिकडं मिलेल. अडचन हितं मिलते." युरोपात रोज दोनशे किलोमीटर जायचं होतं. बहरीनमध्ये दोनशे किलोमीटर सलग गेलं तर माणूस समुद्रात पडतो. म्हणून शुक्रवारी पहाटे हे दोघं निघायचे आणि अराद, सनद, खाली वाळवंट, परत जिदहफ्स, परत अराद असे फेरे घालायचे. एका शुक्रवारी मी त्यांच्यासोबत गेले. तिसऱ्या फेऱ्याला चाची म्हणाल्या, "अवो, हा पेट्रोल पंप मना आता ओलखायला लागला."

दुपारी अरादच्या किल्ल्याजवळ समुद्रकाठी व्हॅन थांबवून चाचींनी भात लावला. पोलिसांची गाडी आली. तरुण अधिकारी उतरला, मागच्या दारातून आत डोकावला आणि गोंधळून म्हणाला, "हज्जी, काय चाललंय?" चाचांनी आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत सगळं समजावलं. तो बिचारा समुद्राकडे बघत म्हणाला, "हज्जी, हिनी यूरोप मफी." इथं युरोप नाही. "इंशाल्ला, सप्टेंबर," चाचा म्हणाले. चाचींनी त्याला चहा दिला. तो जाताना सलाम करून गेला.

त्या ड्राय रनमध्ये एक गोष्ट चाचींच्या लक्षात आली, ती माझ्या नाही आली. व्हॅनची पत्र्याची भिंत पातळ असते. बाहेर बोललेलं सगळं आत ऐकू येतं.

सप्टेंबरात निघायच्या आदल्या दिवशी चाचा ऑफिसात आले आणि एक पाकीट माझ्यासमोर ठेवलं. एका ठेकेदार कंपनीने त्यांना दोन वर्षांचं काम देऊ केलं होतं. साइटवर, बॅचलर खोलीत. फॅमिली नाही. पाकिटात सही केलेला होकार होता.

"चाचा, हे काय?"

"नाय जमला तर." खिडकीबाहेर बघत बोलत होते. "तिला माझा तरास झाला, मना तिचा झाला, तर ती गावी आनि मी कामाला. सवय हाय दोघांना. ऑक्टोबरच्या पंधरा तारखेपर्यंत उत्तर द्यायचा हाय. मी तुला फोन करीन. 'नको' बोललो तर फाड. 'हो' बोललो तर नेऊन दे."

"आणि फोन आलाच नाही तर?"

"तर नेऊन दे."

"का?"

"इतकी वर्षां काय शिकलीस गो? सिग्नल तुटला की व्हॉल्व्ह सेफ बाजूला जातो. तसाच बसवलेला असतो. काम म्हनजे सेफ."

"कुणासाठी सेफ?"

"तिला काय सांगू नको," एवढं म्हणाले आणि गेले. मला इतकी चीड आली, की मी पाकीट ड्रॉवरमध्ये आपटलं.

मग व्हॉट्सअॅपवर आवाज यायला लागले. जर्मनीत गाडी ताब्यात घेतली. डावीकडचं स्टीअरिंग, बहरीनसारखंच, मफी मुश्किल. पाठोपाठ चाचींचा आवाज, "बाय, यांना सांग. मना बाथरूमला जायचा टाइम पन कागदावर लिवलेला हाय." चाचांनी अर्ध्या अर्ध्या तासाचं शेड्यूल केलं होतं, सहा आठवड्यांचं. चौथ्या दिवशी चाचा म्हणाले, "आज सकालपासून बोलली नाय. शेड्यूल मात्र बरोबर चाललाय." मी डोक्यावर हात मारला. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, "बाय, साकर दीड चमचा." मी तो निरोप तीनदा ऐकला. तिसऱ्या आठवड्यात चाची एका रस्त्याच्या कडेला उभ्या राहून सांगत होत्या, "हितली झाडां बघ गो, सगली एकदम पिकलीत. पिवली, तांबडी. आपल्या आंब्याला कधी असा सुचला नाय." मागून चाचांच्या हसण्याचा आवाज येत होता. इतकी वर्षं ऑफिसात कधी ऐकला नव्हता, असा आवाज.

बारा तारखेनंतर निरोप बंद झाले.

तेरा, चौदा. फोन लावला तर बंद. पंधराला सकाळपासून मी मोबाइल हातातून खाली ठेवला नाही. नवऱ्याला फोन केला, तो बँकेतला माणूस. म्हणाला, "त्यांची सूचना स्पष्ट आहे. तू मध्ये पडू नकोस." जेवणाच्या सुट्टीत पाकीट घेऊन मी मनामा शहरात त्या ठेकेदाराच्या ऑफिसापर्यंत गेले. पार्किंगमध्ये एसी लावून बसले. खरं सांगते, दोनदा गाडीचं दार उघडलं. दुसऱ्याच्या आयुष्याचा निर्णय आपण का फिरवायचा, हा प्रश्न मला त्या दिवशी सुटला नाही आणि आजही सुटलेला नाही. पण 'साकर दीड चमचा' म्हणणारा आवाज माझ्या कानात होता. तो माणूस नापास झालेला नव्हता.

मी परत आले. चाचांच्या जुन्या ड्रॉवरमधून एक लाल टॅग काढला. नाव माझं लिहिलं, तारीख लिहिली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'आत दोन माणसं काम करत आहेत.' आणि तो पाकिटाला बांधून टाकला.

पुढचे चार दिवस मला जेवण गेलं नाही. काम गेलं, आणि तिकडे खरंच भांडण झालं असेल तर? एकोणीस तारखेला फोन वाजला. मागे वाऱ्याचा आवाज होता.

"बाय, दिलास काय पाकीट?"

"नाही."

मीच घाईने पुढे बोलले.

"चाचा, माझं चुकलं असेल तर..."

"गप गो. कुठं हाय?"

"ड्रॉवरमध्ये. टॅग लावलाय."

"टॅगावर कुनाचा नाव?"

"माझं."

"मग मी काय बोलनार," म्हणाले आणि रडायला लागले. या रडण्याची ड्राय रन झालेली नव्हती.

मग सगळं कळलं. ऑस्ट्रियाच्या डोंगरात एका तळ्याकाठी ते एका दुपारपुरते थांबले होते. शेड्यूलमध्ये दोन तास. निघायची वेळ झाली आणि चाचा गाडीत चढले, तर स्टीअरिंगला लाल टॅग. त्यांच्याच बॅगेतला. नाव चाचींचं, शाळेत शिकलेल्या सुबक अक्षरांत. कारण, 'बघून झाला नाय.' सीझन संपलेला, कॅम्पचं ऑफिस बंद, आसपास चिटपाखरू नाही आणि मोबाइलला रेंज नाही. चाचा गुडघे धरून टेकडी चढून गेले, फोन आकाशात धरून उभे राहिले. एक रेघ आली आणि गेली. त्यांना 'नको' म्हणायचं होतं. पंधरा तारीख उलटली तेव्हा आपला होकार पोचला, सगळं संपलं, असं ते धरून चालले होते. हाक मारून बायकोला कारण सांगितलं असतं तर तिने टॅग काढला असता. पण मग पाकिटाचंही सांगावं लागलं असतं.

"अहो चाचा, मग तुम्हीच काढायचा ना तो टॅग! गाडी तुमची, शेड्यूल तुमचं!"

"टॅगावर माझा नाव नव्हता गो," ते म्हणाले, जणू मी काहीतरी अचाट विचारलं होतं.

आपलं उरलेलं आयुष्य हातातून चाललंय असं वाटत असताना हा माणूस आठवडाभर तळ्याकाठी बायकोच्या शेजारी बसला, तिने केलेला चहा प्यायला, मासे कसे धरायचे यावर वाद घातला आणि पुठ्ठ्याच्या तुकड्याला बोट लावलं नाही. अठराच्या संध्याकाळी चाचींनी आपणहून टॅग काढला, "यल्ला, चला" म्हणाल्या. मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली. इतका सरळ माणूस दुसरा पाहिला नाही.

डिसेंबरात दोघं कायमचे गावी निघाले. सामान बांधायला मी जिदहफ्सला गेले होते. घरात खोकी, दोऱ्या, चिकटपट्टी. चाचा बाहेरच्या खोलीत खोक्यांवर नंबर घालत होते. चाचींनी मला किचनमध्ये ओढलं आणि दार लोटलं.

"बाय, एक गंमत सांगू? यांना बोलू नको. मना पाकिटाचा सगला ठावं होता."

माझ्या हातातला कप तसाच राहिला.

"मे महिन्यात, त्या व्हॅनच्या बाहेर हे एकटेच बोलत व्हते. फोनची ड्राय रन. 'हॅलो बाय, कामाला हो बोलतो, नेऊन दे पाकीट.' चार वेला बोलले, आवाज बदलून बदलून. मी आत भात ढवलत होते. सगला ऐकला. पंधरा तारीख पन ऐकली." त्यांचे डोळे चमकत होते. "मग मी काय केला? जिथं फोन लागत नाय अशी जागा बघितली आनि तिथं टॅग लावला. फोनच नाय लागला, तर 'हो' जानार कुठून? काय?"

फोन लागला नाही तर पाकीट जाणारच होतं, हे त्यांना माहीत नव्हतं. ती अर्धी गोष्ट ऑफिसात, माझ्या टेबलापाशी झाली होती. त्या बाईने तेहतीस वर्षांनी पहिल्यांदा नवऱ्याला धरून ठेवायला हात पुढे केला होता आणि अगदी नेमका उलटा व्हॉल्व्ह फिरवला होता.

लोटलेलं दार उघडं होतं. चाचा हातात दोरीचं बंडल घेऊन उंबऱ्यात उभे होते. सगळं ऐकलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आजवर कुणाच्याही प्लॅनमधली चूक या माणसाने सोडली नव्हती, मॅनेजरची नाही, माझी तर नाहीच.

चाची लाजल्या. "ऐकलात वाटतं?"

"ऐकला," चाचा म्हणाले. दोरी खाली ठेवली, ओट्यावरच्या चहाच्या कपात दीड चमचा साखर घालून तो चाचींच्या हातात दिला आणि माझ्याकडे वळले.

"बघ बाय. याला म्हनतात प्लॅनिंग. एक चूक नाय."